केरबाची क्वेरी आणि नवरीचा मामा

एका तालुक्याच्या गावी एक भोळा केरबा राहायचा. एकदा सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. घोटाळा तिथंच व्हायचा.

शकूअक्कांच्या वधूवर मंडळात तो संगणकावर बसे. सगळी स्थळं एका एक्सएमएल फायलीत होती. त्यातून हवं ते शोधायला क्वेरी लिहायची, म्हणजे फायलीला नीट बांधलेला प्रश्न विचारायचा. केरबानं पदवीधर मुलगी मागितली की पडद्यावर तिचे वडील यायचे.

शेवटी अक्कांनी क्वेऱ्या तपासायचं टूल आणलं. म्हणाल्या, "जुनी क्वेरी डावीकडं ठेव, नवी उजवीकडं. फरक दिसला की थांबायचं."

"बरं अक्का."

दुसऱ्या दिवशी स्वारी दुपारी उगवली.

"आरं, होतास कुठं?"

"दारातच. चपला शेजारी-शेजारी ठेवल्या. डावीत नि उजवीत फरक दिसला. थांबलो."

अक्कांनी कपाळावर हात मारला. "नुसतं थांबू नये बाबा! एकेक पाऊल पुढं जायचं, आणि दर पावलाला हाती काय आलंय ते तपासायचं."

"बरं अक्का."

संध्याकाळी पाहुणे येणार होते, म्हणून त्याला बासुंदी आणायला धाडलं. केरबा दर पावलाला थांबला, झाकण उघडलं, बोट बुडवून चाखलं. मंडळात पोचला तो रिकामा डबा घेऊन.

"सगळी तपासली अक्का. शेवटपर्यंत चांगली होती."

"बासुंदी जाऊ दे चुलीत!" अक्का कडाडल्या. "क्वेरीचं तेवढं ध्यानात धर. दोन्हींचं उत्तर तेच आलं, तर लहान ती ठेवायची, मोठी काढून टाकायची."

"बरं अक्का."

पुढं अक्कांनीच त्याचं लग्न जमवलं. हेमलता उंच, देखणी, आणि ह्याच्या भोळेपणावरच भाळलेली. ह्याला कोण मुलगी देणार, या काळजीनं झिजलेली आई आनंदानं रडली. केरबाचाही जीव जडला होता. लग्नात तरी काही चुकवायचं नाही, असं त्यानं मनाशी घट्ट ठरवलं.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. समोर हेमलता, मागे तिचा मामा. मामा तिच्या खांद्याला लागेल एवढाच, मिशा मात्र भरघोस. केरबा हार धरून थबकला.

"मी पसंत आहे ना?" त्यानं विचारलं.

"हो," हेमलता लाजून म्हणाली.

मामाला वाटलं, जावईबापू आपल्यालाही विचारताहेत. "हो, हो! एकदम पसंत!"

केरबाचा चेहरा खुलला. त्यानं नवरीला हळूच बाजूला सारलं आणि हार मामाच्या गळ्यात घातला. बँडवाल्यांनी दणक्यात सुरुवात केली.

अक्का धावत आल्या. "आरं मुडद्या, हे काय केलंस? नवरीला का काढलंस?"

"मोठी होती अक्का," केरबा मामाचा हात धरत म्हणाला. "उत्तर दोघांचं तेच आलं."