बुचाची दोरी

ठासणीच्या बंदुका होत्या, त्या काळची ही गोष्ट. सोमा शिकारी रानात जाताना बंदुकीच्या नळीच्या तोंडाला लाकडी बूच लावी, म्हणजे पाणी आणि पालापाचोळा आत जात नसे. बुचाला एक दोरी होती. तिचं दुसरं टोक चापाला बांधलेलं असे.

बुचाला ती दोरी सलत असे. "मी काय वासरू आहे, दाव्याला बांधायला?" ते म्हणे. "अख्ख्या पावसाळ्यात एक थेंब आत जाऊ दिला नाही. तरी माझ्यावर विश्वास नाही!"

"तुझ्यावर आहे रे बाबा," म्हातारी दोरी म्हणे. "मी बांधलेय ती सोमासाठी. चापाकडे बोट नेलं की त्याला मी लागते, मग तू आठवतोस."

"मला विसरेल तो? रोज पुसतो मला!"

शेवटी बुचाने गोड बोलून उंदराकडून दोरी कुरतडून घेतली. सकाळी सोमाने तुटकी दोरी पाहिली. संध्याकाळी नवी बांधू, असं म्हणून तो निघाला.

दुपारी करवंदीच्या जाळीतून रानडुक्कर थेट अंगावर आलं. सोमाचं बोट चापावर गेलं. बोटाला काहीच लागलं नाही.

बूच नळीच्या तोंडातच राहिलं होतं. बार आतच कोंडला आणि नळी फाटली. सोमा चिखलात पडला, तो पुन्हा उठला नाही.

गवतात उडालेलं बूच कितीतरी वेळ सांगत होतं, "थेंबसुद्धा आत गेला नव्हता. दारू अगदी कोरडी होती."

"होती ना," चापाला उरलेला दोरीचा तुकडा म्हणाला. "म्हणून तर पेटली."