शंका कुणालाच नाही

दादासाहेब खराड्यांच्या कारखान्यात संगणकावर चालणारं नवं यंत्र आलं आणि रोजचा माल भंगारात जाऊ लागला. शेवटी त्यांच्या मुलाने पुण्याहून शालन बिडकर नावाच्या प्रशिक्षक बोलावल्या. झालं, दादासाहेबांचा पारा चढला.

"आमचे हिर्लेकर इंजिनिअर महिनाभर शिकवतायत. कुणाला एक शंका नाही! मग बाहेरचं माणूस कशाला? पटेल असं कारण सांगा, नाहीतर आल्या पावली परत जा."

"सांगण्यापेक्षा दाखवते," बाई म्हणाल्या. त्यांनी जमलेल्या कामगारांना विचारलं, "यंत्राबद्दल कुणाला काही शंका?"

सगळे चिडीचूप. दादासाहेबांनी मिशीवर ताव दिला.

"आता तुम्ही दोघं साहेब जरा बाहेर थांबता का?"

दादासाहेब आणि हिर्लेकर काचेच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि आत भराभर हात वर झाले. जुना फोरमन तर दोन्ही हात वर करून उभा! हिर्लेकरांचा चेहरा उतरला. दादासाहेबांनी तोंडात बोट घातलं.

"ही काय जादू केलीत?" आत येत त्यांनी विचारलं.

"जादू कसली, साहेब! तुमच्यापुढे 'येत नाही' म्हटलं तर बढती जाते. माझ्यापुढे म्हटलं तर अज्ञान जातं. मी काय, परवा माझ्या गावाला जाणार."

मग दादासाहेबांनी सगळ्यांना चहाला पिटाळलं, हिर्लेकरांनाही. इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"बाई, ते यंत्र सुरू कुठून होतं हो?"