रवळनाथाच्या राईचं कुंपण

"सूर्य मावळायच्या आत राईला कुंपण घाला, नाहीतर उद्या कुऱ्हाडी चालतील!"

हार्डविक साहेबाने घोड्यावरूनच हुकूम सोडला. घाटमाथ्यावर येऊन कॉफी लावणारा हा पहिला गोरा. त्यातच सरकारने त्याला मुंबईच्या कौन्सिलात बसवलेला, कायदे करायला! आता त्याची नजर गावदेव रवळनाथाच्या राईवर, देवाच्या राखीव झाडीवर होती. जिला कुंपण नाही, तिला मालक नाही, असं त्याचं म्हणणं.

देवाचा पुजारी बाबली गुरव हात जोडून म्हणाला, "घालतंव, सायबानू. कुंपणाच्या गडग्याक दगड..."

"दगड माझे! लाकूड माझं, काटेही माझे! हात लावायचा नाही. राखणीला माणूससुद्धा उभा करायचा नाही!"

बाबली मटकन खालीच बसला. त्याची लेक शेवंती शेजारी उभी होती. घोडा फुरफुरला तशी ती दचकून बापाच्या पाठीमागे गेली आणि तिथूनच तिने विचारलं, "सायबानू, कुंपण म्हणजे काय?"

"जे माणसाला आत जाऊ देत नाही, ते!"

"मगे घालतंय!"

दुपारी तिने आधी साहेबाच्या खानसाम्याला गाठलं. तो साहेबाबरोबर मुंबई बघून आलेला. त्याला कौन्सिलाबद्दल चार गोष्टी विचारल्या. मग सगळा गाव राईपाशी बोलावला. घटकाभरात मंडळी आपापल्या कामाला परत!

दिवस कलताना साहेब घोड्यावरून आला, मोतद्दार आणि खानसामा बरोबर. गावही बघायला पुन्हा जमला. राई होती तशीच मोकळी.

"कुठे आहे कुंपण?"

"घातलंय ना! जावा आत!" शेवंती म्हणाली.

साहेबाने घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराला फर्मावलं, "जा, एक फांदी तोडून आण!" मोतद्दार जमिनीकडे बघत राहिला. खानसामा दोन पावलं मागे सरला.

"भित्रे कुठले! मीच जातो!" साहेबाने खाली उतरून राईत पाऊल टाकायला बूट उचलला.

"थांबा! देवाक घालतंय ता गाऱ्हाणा आयका आधी!" शेवंतीने हात जोडले. "बा रवळनाथा, जो कोण तुझ्या राईत पान तोडूक शिरतलो, तेच्या घोड्याक कोणी खरारो करूचो नाय..."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"तेचे कपडे कोणी धुवूचे नाय..."

"व्हय म्हाराजा!" यात धोब्याचा आवाज सगळ्यांत मोठा.

"तेका कोणी चाय करून देवची नाय, तेची कॉफी कोणी तोडूची नाय!"

"व्हय म्हाराजा!"

साहेबाचा बूट हवेतच राहिला. "हा कायदा कोणी केला?"

"तुमच्या कौन्सिलात कसो करतत, सायबानू? एक जण उठून बोलता, बाकीचे व्हय म्हणतत. आमीही तसोच केलो. फक्त आमी धोब्याकही इचारलंव!"

साहेबाने सगळ्यांवरून नजर फिरवली. "विरोधात कोण?"

एकही हात वर झाला नाही. साहेबाचा पाय हळूच मागे आला आणि तो असा खदखदून हसला, की घोडासुद्धा बिचकला!

"मंजूर! राई रवळनाथाची!"

कागद तिथेच लिहून झाला. बक्षीस म्हणून साहेबाने आपल्या गोठ्यातली दुभती म्हैस आणवली आणि तिचं दावं शेवंतीच्या हाती देत तो म्हणाला, "नशीब माझं, तू मुंबईच्या कौन्सिलात नाहीस! मला तोंड उघडायची सोय राहिली नसती!"