पिराजीच्या गाडीचा बिघाड

एका गावात एक भोळा गडी होता. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरायचं, तो इथं लिहिण्यासारखा नाही. नाव पिराजी. वय एकतीस, चार एकर ऊस, आणि सात मुलींनी नकार दिलेला.

या पिराजीनं दावणीचे दोन बैल विकून चिखलमातीत पळवायची उंच फटफटी घेतली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, ही गाडी रस्ता नसेल तिथं पळते. गावात तर दारापर्यंत डांबरी रस्ता. म्हणून पिराजी रस्ता सोडून लोकांच्या हरभऱ्यातून गाडी न्यायचा. शिव्या खायचा, पण डांबराला चाक लावायचा नाही.

गार असताना गाडी छान पळायची. अर्ध्या तासात तापली की खोकायची, काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. मग पिराजी ती ढकलत यासीन मिस्त्रीच्या गॅरेजात न्यायचा. तिथं पोचेपर्यंत ती गार व्हायची आणि बटण दाबताच चालू व्हायची.

"हिचं दुखणं तापल्यावरचं हाय," यासीन म्हणाला. "गरम असतानाच आणून दाखव."

दुसऱ्या दिवशी गाडी शेजाऱ्याच्या बैलगाडीतून आली. अंगावर आईची गोधडी, पोटाखाली घमेलंभर शेणींचा विस्तव. गोधडी जळाली होती, सीट वितळली होती. जाळ पेट्रोलच्या टाकीपर्यंत पोचला नाही ही देवाची कृपा, पिराजीची नव्हे. यासीननं आधी माती टाकून विस्तव विझवला आणि मग तोंडाचा पट्टा सोडला.

यासीन हुशार माणूस, पण त्याच्या हातून एक चूक झाली होती. त्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या आनंदराव पाटोळ्यांची मुलगी सारिका लग्नाची होती, आणि यासीननं तिच्यासाठी पिराजीचं नाव सुचवलं होतं. पोरगा खोटं बोलणार नाही, तेवढी अक्कलच त्याला नाही, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता त्याचा शब्द पिराजीच्या वागण्यावर टांगलेला होता. या एका गोष्टीचा यासीनला रोज पश्चात्ताप व्हायचा.

दोन दिवसांनी पिराजी आला तो गाडीचा प्लग, फिल्टर, ऑइल आणि पेट्रोल असं सगळं एकदम बदलून. पारावर चौघांनी चार सल्ले दिले होते, यानं चारही ऐकले. गाडी तरी तापली की बंदच.

"असं सगळं एकदम बदललंस तर दोष कुठं हाय ते कसं कळायचं?" यासीन ओरडला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि फरक पडतो का बघायचं."

पिराजीनं मान हलवली. त्याची मान लवकर हलायची.

रविवारी तो मुलगी बघायला गेला. वर पांढराशुभ्र सदरा, खाली ऑइलनं काळी झालेली पँट. पाटोळ्यांनी पोहे दिले, चहा दिला आणि कसंबसं वाटेला लावलं. सोमवारी सकाळी स्वारी पुन्हा दारात.

"आज पँट बदललीया," पिराजी म्हणाला. "फरक पडतो का बघा. न्हाईतर उद्या चपला बदलतो."

आनंदराव काठी शोधायला लागले. सारिका मात्र हसून हसून बेजार झाली. तिला बढाया मारणारे तिघे बघून गेले होते, त्यांच्यापेक्षा हा बरा वाटला असावा. ती वडिलांना म्हणाली, पंधरवड्यानं माळावर फटफट्यांची शर्यत आहे. त्यानं पाच फेऱ्या पुऱ्या करून रेघ ओलांडली तर माझा होकार. नंबर नाही आला तरी चालेल.

घरी पिराजीच्या आईनं कपाळावर हात मारला. पाहुण्यांकडं जाताना सगळं नवं घालावं, जुनं उकिरड्यावर फेकावं, एवढंही कळू नये का, असं ती बोलली. पिराजीनं तेही पाठ केलं.

इकडं यासीनला दोष सापडला. इंजिनाला सुपारीएवढा एक सेन्सर असतो. इंजिन किती तापलं हे गाडीतल्या यंत्राला सांगायचं, एवढंच त्याचं काम. हा सेन्सर बिघडला होता. इंजिन भाजत असलं तरी तो सांगायचा, गार आहे. मग यंत्र गार इंजिनाला लागतं तेवढं जादा पेट्रोल ओतायचं आणि गाडी गुदमरायची. सकाळचा धडा भर दुपारी गिरवणारा तो सेन्सर हातात धरून यासीन बराच वेळ गाडीच्या मालकाकडं बघत राहिला.

मग त्यानं पिराजीला तालुक्याला पाठवलं. नमुन्याला जुना सेन्सर दिला, अगदी असाच नवा आण म्हणून सांगितलं. पिराजीनं आईचे शब्द आठवून जुना वाटेतच उकिरड्यावर फेकला. दुकानदारानं विचारलं काय हवंय, तर म्हणाला, तापलेलं कळतं ते नवं द्या. दुकानदारानं त्याला समोरच्या औषधांच्या दुकानात धाडलं. संध्याकाळी पिराजी ताप बघायची काचेची नळी घेऊन आला आणि ही गाडीच्या काखेत कुठं धरायची ते विचारू लागला.

दुसऱ्या दिवशी यासीन स्वतः एसटीनं गेला, सेन्सर आणला, बसवला. तासभर माळावर गाडी पिदडली. गाडी तापली, पण हूं की चूं नाही; मग शर्यतीपर्यंत त्यानं ती गॅरेजातच ठेवली.

शर्यतीच्या दिवशी त्यानं पिराजीला जवळ घेऊन सावकाश सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. "रोजच्यापेक्षा काही येगळं वाटलं, तर हट्टानं पळवून इंजिन जाळू नगंस. एक पाऊलसुद्धा फुडं न्यायची न्हाई. बंद करायची, आन तशीच ढकलत माझ्या गॅरेजात आणायची."

पिराजीनं मान हलवली. तेव्हाच यासीननं सावध व्हायला हवं होतं.

शर्यत सुटली. इतर गाड्या दुसऱ्या फेरीपासून चिखलात रुतत मागं पडल्या. पिराजी लोकांच्या हरभऱ्यातून शिकलेला, तो सगळ्यांच्या पुढं गेला. चौथ्या फेरीला तो अर्धा माळ पुढं होता. आनंदराव टाळ्या वाजवायला लागले. सारिका बांधावर उभी राहिली. यासीनला महिन्याभरात पहिल्यांदा जेवायची इच्छा झाली.

पाचवी फेरी संपत आली. रेघ दहा पावलांवर राहिली आणि पिराजीनं गाडी बंद केली. तो खाली उतरला, गाडी उलटी फिरवली आणि समोरून येणाऱ्या गाड्यांमधून वाट काढत गावाकडं ढकलू लागला. माळभर लोक ओरडत होते, रेघेकडं बोट दाखवत होते. त्यानं वळूनही बघितलं नाही. सारिका बांधावरून उतरली आणि वडिलांना म्हणाली, चला घरी.

यासीन ऊर फुटेस्तोवर पळत जाऊन त्याच्या आडवा उभा राहिला.

"बरं झालं हितंच भेटलास, चाचा," पिराजी घाम पुसत म्हणाला. "मोठा बिघाड झालाय. पाच फेऱ्या होत आल्या, गाडी चांगली तापलीया, पर काय केल्या बंद पडंना."