पोकळ झाडांची साफसफाई

फार जुन्या काळी, जहाजं लाकडाची असत आणि राजे कायम घाईत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका राजाच्या सागाच्या रानावर एक राखणदार होता. राजाने त्याला बजावलं, "जहाजांसाठी सरळ, निरोगी साग हवेत. खोड किडकं निघालं तर बायकापोरांसह राज्याबाहेर काढीन!"

झालं! त्या दिवसापासून राखणदाराला घास गिळवेना, डोळ्याला डोळा लागेना. तो दिवसभर रानात हिंडून एकेका सागावरून हात फिरवायचा. मध्येच एखादं वाळकं, पोकळ झाड दिसलं की तो दचकून मागे सरायचा.

"यांचा रोग माझ्या सागांना लागला म्हणजे? तोडा सगळी!" त्याने हुकूम सोडला.

लाकूडतोड्यांतली एक म्हातारी पुढे झाली. "धनी, वाळकं झाड आम्ही आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकतो, मग कान लावतो. आत कुणी हललं तर ते झाड सोडून देतो."

"आणि राजा मला सोडून देईल होय?" राखणदार खेकसला.

तेवढ्यात जवळच्या वाळक्या झाडाच्या ढोलीतून सुतारपक्षी भुर्रकन बाहेर आला. "अरे बाबा, थांब! आत माझी पिल्लं आहेत!"

"माझ्याही घरी पोरंच आहेत रे," राखणदार म्हणाला. त्याने तोंड फिरवलं आणि कुऱ्हाडी चालल्या.

रान कसं लख्ख झालं! राखणदार कधी नव्हे तो पोटभर जेवला.

पण काही महिन्यांनी सागांच्या बुंध्याशी बारीक भुसा दिसू लागला. कुऱ्हाड नाही, करवत नाही, मग भुसा कुठला? त्याने खोडाला कान लावला. आत कुर्र कुर्र चाललं होतं.

"अळ्या आहेत, धनी," म्हातारी म्हणाली. "पूर्वी सुतारपक्षी त्या टिपून खायचे. घरं तुटली तसे ते पलीकडच्या डोंगरावर निघून गेले."

राखणदार धापा टाकत पलीकडच्या डोंगरावर गेला. तिथल्या सुतारपक्ष्यापुढे त्याने हात जोडले. "चुकलो रे! परत चला. हव्या तेवढ्या अळ्या खा."

"येऊ की," पक्षी म्हणाला. "पण खाऊन झाल्यावर राहायचं कुठे?"

राखणदाराने वळून रानाकडे पाहिलं. सगळे साग तरणे, सरळ, उभे. त्यातला एक म्हातारा होऊन पोकळ व्हायचा, तर राखणदाराच्या नातवंडांचेही केस पिकले असते. त्याला रडूच कोसळलं.

राजाची माणसं आली. पहिलाच साग पाडला, तर आत नुसती चाळण. त्याच संध्याकाळी राखणदार बायकापोरांना घेऊन राज्याची वेस ओलांडून गेला.

तात्पर्य : ज्याला रानातलं लाकूड हवं, त्याने रानातल्या पाखरांची घरंही राखावी.