परक्याची झोप

एका राज्यात, जिथे राजा जागा असला की चिमणीलाही डोळे मिटायची चोरी होती, उग्रायुध नावाचा राजा राज्य करी. तीन वर्षांमागे त्याने शत्रूचे एक गाव रात्री, माणसे गाढ झोपेत असताना, कापून काढले. त्या गावची एक म्हातारी मरता मरता म्हणाली, "राजा, निजलेल्यांना मारलंस. तुझी झोप तुला पारखी होईल. परक्याची प्यायलास तरच डोळा लागेल." म्हातारी मेली आणि त्याच रात्रीपासून राजा जागा राहिला.

वैद्यांनी हात टेकले. दरबारी पडले शहाणे! त्यांनी गादीवर गादी चढवली. झोप कधी येईल याचा नेम नाही, म्हणून राजाला पलंगावरून उतरूच देईनात. जेवण पलंगावर, न्यायनिवाडा पलंगावर, सुळाची शिक्षादेखील उशीला टेकूनच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! वर एक कायदा केला. राजाचा डोळा लागलाच, तर त्याला जागे करील त्याचे शिर उडवायचे.

मग धूम्राक्ष नावाचा जादूगार आला. तो रोज प्रजेतल्या एका माणसाची झोप कुपीत काढून घेई आणि रात्री राजाला पाजी. राजा निजे. ज्याची झोप गेली तो मात्र टक्क जागा राही आणि चाळिसाव्या रात्री मरे. आज हे घर, उद्या ते. नगरात रोज एक तिरडी उठू लागली. हे सांगताना माझी जीभ जड होते, पण राजाच्या कथेत प्रेते वगळून चालत नाही.

त्या नगरात गोमती नावाची बाई पलंगांना नवार विणून पोट भरी. तिच्या धाकट्या बहिणीची, शेवंताची, झोप देण्याची पाळी आली. झोप गेल्याला पंचवीस दिवस झाले तेव्हा शेवंता भिंतीशी बोलू लागली, गोमतीला ओळखीना. गोमती उठली आणि तळ्याकाठच्या बोलत्या टिटवीकडे गेली.

"टिटवीबाई, माझी बहीण मरते आहे. राजाला त्याची स्वतःची झोप कशी मिळेल?"

टिटवी म्हणाली, "आभाळ पडेल म्हणून मी पाय वर करून निजते. एवढा भार घेऊन मला झोप येते, तुझ्या राजाच्या डोक्यावर तर नुसता मुकुट! ऐक. मंत्र नाही, मुळी नाही, तीन कामं आहेत. पलंगावर झोपेवाचून दुसरं काही करू द्यायचं नाही. रात्री जे छातीवर बसतं, त्याला दिवसा पाट मांडून बसवायचं. आणि उशिरा निजवून सूर्याबरोबर उठवायचं, झोप लागली असो वा नसो. तिसऱ्या कामात तुझा जीव जाईल."

"आणि शेवंताचा?"

"राजाला त्याची झोप लागली, तर प्यायलेल्या झोपा त्याच्या छातीतून आपापल्या घरी जातील."

गोमती राजापुढे उभी राहिली. "महाराज, पंधरा रात्री कुपी घेऊ नका. मी सांगेन तसं वागा. झोप आली नाही तर माझी झोप काढून प्या."

धूम्राक्ष हसला. राजा हसला नाही. "परक्याच्या झोपेत मला परक्याची स्वप्नं पडतात," तो म्हणाला. "काल मी कोणाच्या तरी लेकराला घास भरवत होतो. ते लेकरू माझं नव्हतं. कर तुझी कामं."

गोमतीने गाद्या काढल्या, दरबार दुसऱ्या दालनात नेला, पलंगापाशी एक चौरंग ठेवला. डोळा लागेना की राजाने उठून चौरंगावर बसायचे. पापण्या जड झाल्या की पुन्हा पलंग. पहिल्या रात्री राजा नऊ वेळा उठला आणि दहाव्यांदा त्याने चौरंग भिंतीवर फेकला. गोमतीने तो उचलून जागेवर ठेवला.

दुपारी तिने समोरासमोर दोन पाट मांडले. एकावर राजाला बसवले. दुसऱ्यावर ती मेलेली म्हातारी येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिचा नातू आला, गळा चिरलेला. रोज एक जण येई, आपले नाव सांगे, आपण कसे मेलो ते सांगे.

"मला जाऊ दे," राजा म्हणे.

"घटकाभर ऐका, महाराज. दिवसा ऐकलंत तर ते रात्री येणार नाहीत."

घटका भरली की ती म्हणे, "आता उद्या," आणि प्रेत निमूट उठून जाई. सहाव्या दिवशी राजा रडला. बरे झाले, माझ्या मते तीन वर्षे उशिराच झाले.

तिसरे काम सर्वांत कठीण. मध्यरात्र उलटेपर्यंत पलंग नाही, सूर्य उगवला की पलंग सोडायचा आणि दिवसा डुलकीदेखील नाही. राजाने विचारले, "झोप येत नाही म्हणतो, तर तू आहे तीही तोडतेस?"

"भुकेला कोंडा, निजेला धोंडा, महाराज. झोपेलाही भूक लागू द्या."

राजाचे डोळे इंगळासारखे झाले. धूम्राक्ष रोज सांजेला रिकामी कुपी घेऊन दारात उभा राही. इकडे शेवंताच्या तोंडात पाणी राहीना.

चौदावी रात्र सरत आली आणि पहाटे राजा घोरू लागला. कुपीवाचून! पण ती झोप अजून दुधावरच्या सायीसारखी पातळ होती, छातीतल्या झोपा जागच्या हलल्या नाहीत. तेवढ्यात सूर्य उगवला. सेनापतीने तलवार उपसली.

"बाई, मागे हो. तीन वर्षांनी महाराज स्वतःच्या झोपेने निजले आहेत."

गोमतीला ठाऊक होते, आता निजू दिले तर रात्री झोपेला भूक नसेल आणि शेवंताची ती शेवटची रात्र होती. तिने पडदा बाजूला सारला आणि राजाचा खांदा हलवला.

"उठा, महाराज. सूर्य आला."

राजा संतापाने थरथरत उठला. "कायदा माहीत आहे?"

"माहीत आहे."

"उद्या सूर्योदयाला हिचं शिर उडवा."

शिपाई फरफटत नेत असताना ती ओरडली, "दुपारी डुलकी घेऊ नका, महाराज!"

रागाने म्हणा, वळण पडले म्हणून म्हणा, राजाने डुलकी घेतली नाही. मध्यरात्र उलटल्यावर तो चौरंगावरून उठला, पलंगावर आडवा झाला आणि दगडासारखा निजला. त्याच्या छातीतून एकेक झोप बाहेर पडू लागली, निळसर, गवतावरच्या धुक्यासारखी. आपल्या हातच्या झोपा सुटताहेत हे पाहून धूम्राक्ष राजाला हलवून जागे करायला धावला. पहारेकऱ्यांनी कायद्याप्रमाणे त्याला दारातच कापले.

सूर्य उगवला. राजा आपोआप उठला आणि अनवाणी वधस्थानाकडे पळत गेला. गोमतीची मान लाकडावर होती.

"थांबा! आज मला कोणी उठवलं?"

"कोणी नाही, महाराज," जल्लाद म्हणाला.

"हिने लावलेल्या वळणाने मी उठलो. तो कायदा आजपासून रद्द. सोडा हिला."

गोमतीने बक्षीस घ्यायला मागे वळूनही पाहिले नाही. ती घरी धावली. शेवंता उघड्या जमिनीवर तोंड उघडे टाकून निजली होती. गोमती तिच्या उशाशी बसून ढसाढसा रडली, पण हुंदका तोंडात पदर कोंबून दाबला.

नगरात पंचवीस माणसे अशी वाचली. उरलेल्या साठ झोपाही आपापल्या घरी गेल्या. तिथे त्यांचे माणूस नव्हते. त्या घरभर फिरल्या, चुलीपाशी, गोठ्यापाशी पाहून आल्या आणि शेवटी गुंडाळून ठेवलेल्या अंथरुणांवर जाऊन पडल्या. घरच्यांनी ती अंथरुणे पुन्हा कधी हलवली नाहीत.

पुढे उग्रायुध रात्री निजे, सूर्याबरोबर उठे आणि सिंहासनावर बसून न्याय करी. शाप फिटला, राज्याची घडी बसली. त्या साठ घरांना राजाने काय काय दिले, ते मी सांगत नाही. ते पुरेसे नव्हते.