पांढरओहळाची बोरी

त्या मुलखात ज्या पाखराने दुसऱ्या पानगळीपर्यंत स्वतःची साद घातली नाही, त्याला थव्याबरोबर उडू देत नसत. असा कायदा कोणी केला हे कोणालाच ठाऊक नव्हते. पाळत मात्र सगळेच.

बोरी ही सातभाईंच्या थव्यातली. पांढरओहळाच्या काठी ही सात भावंडे राहत. एकाने बोलायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने ते पुरे करायचे, अशी त्यांची रीत होती. त्यालाच ती माया म्हणत. सगळ्यांत धाकट्या बुटक्याचा शब्द चोचीत अडकायचा. "मला प… प…" एवढे तो म्हणतो न म्हणतो तोच सहाही जणं ओरडायची, "पाणी! पाणी पाहिजे त्याला!" आणि पाणी यायचे. कधीकधी त्याला सांगायचे असायचे की पंख दुखतो आहे. तरी तो मुकाट पाणी प्यायचा. पुढे पुढे त्याने सुरुवात करणेच सोडले. पहिली पानगळ सरली तेव्हा तो नुसता बघत बसायचा.

दूर काळ्या डोंगरावर एका पोकळ वडात, बोलताना अडणाऱ्या पाखरांना बोलते करण्याची विद्या शिकवत. शिकायला शेकडो जायची, घ्यायचे आठांना. तीन जाणत्यांनी आपले एकेक पीस काढून द्यायचे, म्हणजे त्यांचा भरवसा कळे. शिवाय एका पानावर स्वतःच्या चोचीने खरडायचे, की हे मला का शिकायचे आहे.

बोरीने पिसे मिळवली. तिसरे पीस देताना घुबडीण आजीने विचारले, "तुला गप्प बसता येतं का गं?"

"येईल, आजी."

"येईल म्हणजे येत नाही," म्हातारी म्हणाली. पण पीस दिले.

पान मात्र सगळ्या थव्याने मिळून लिहिले. बोरीने एक शब्द खरडला की दुसरी म्हणे, "थांब गं, पुढचं मी सांगते." पान भरले, देखणे झाले. वाटेत एका खडकावर बसून बोरीने ते वाचले. त्यात तिचे असे काहीच नव्हते. तिने ते वाऱ्यावर सोडले, दुसरे पान शोधले आणि दोनच ओळी खरडल्या: 'माझ्या भावाचे बोलणे आम्ही खाल्ले. ते त्याला परत कसे द्यायचे ते शिकायचे आहे.' दोन ओळींना अर्धा दिवस लागला.

ती पोहोचली तेव्हा रांग सरत आली होती. वडाच्या दाराशी एक म्हातारा बगळा उभा असे. येणाऱ्याने आपले गाव आणि नाव त्याच्या कानात सांगायचे, मग त्याने ते मोठ्याने पुकारायचे. आत गवताच्या पडद्याआड बसलेले गुरुजन ऐकत आणि मगच पान हाती घेत. बगळ्याने न पुकारलेले नाव आलेच नाही असे धरत. डोंगराची सावली समोरच्या धोंड्याला लागली की दारावर बसलेला सुतारपक्षी पंजातला वेल सोडी आणि त्याला टांगलेले बोरूच्या काड्यांचे दार खाली येई. मग वर्षभर काही नाही. बुटक्याची दुसरी पानगळ त्याआधीच यायची होती.

बगळा अडखळत असे. पण त्याने काही अडत नव्हते. त्याने "रा… रा…" केले की पोपट स्वतःच ओरडे, "राईच्या मळ्याचा मिठू!" बगळा मान हलवी, तेच पुकारणे धरले जाई आणि पोपट आत जाई.

"काका, आधी तुम्हीच आत जा की! शिकून या!" एक साळुंकी म्हणाली. रांग हसली. बगळाही हसला, सवयीने.

बोरीची पाळी आली. सावली धोंड्यापासून वीतभर होती. तिच्यामागे फक्त एक काळा कोतवाल पक्षी उरला होता.

"पा… पा…" बगळ्याची मान ताठ झाली. डोळे मिटले.

बोरीच्या गळ्याशी शब्द येऊन उभा राहिला. पांढरओहळ. तिच्या सात पिढ्यांनी कोणाचे बोलणे अर्धे ठेवले नव्हते. तिने चोच इतकी घट्ट मिटली की दुखू लागली. सावली बोटभर पुढे सरकली.

"पांढ… पां…"

"अगं ए सातभाईण!" कोतवाल मागून ओरडला. "सांगून टाक ना! माझंही वर्ष घालवतेस का? पांढरओहळ! पांढरओहळ म्हणतोय तो!"

बगळ्याने डोळे उघडले. मान हलवायला तो तयार झाला.

"नाही काका," बोरी म्हणाली. "मला घाई आहे, खूप घाई आहे. पण तुम्ही म्हणा."

बगळा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा पहिल्यापासून धरले. सावली धोंड्याला लागली. धोंड्यावर चढली. सुतारपक्ष्याने पडद्याकडे पाहिले. पडद्याआडची कुजबुज थांबली होती. कोणी दार सोड म्हणाले नाही, कोणी राहिलेला शब्दही पुरवला नाही. वेल त्याच्या पंजात ताणलेला राहिला.

"…ओहळाची," बगळा म्हणाला. त्याच्या छातीचा भाता हलत होता. "बो… बोरी."

"ऐकलं," आतून एक जुना आवाज आला. "पान आणा."

बोरी उंबऱ्यापाशी आली, तरी बगळ्याने ताणलेली मान खाली घेतली नाही. इतकी वर्षे सगळे त्याला काकाच म्हणत आले होते, त्याचे नाव कोणी विचारलेच नव्हते. त्याने पुन्हा श्वास घेतला.

"आ… आणि मी म… म…"

सावली धोंड्याच्या पलीकडे उतरली होती. कोतवालाने चोच उघडली, बोरीकडे पाहिले, आणि मिटून घेतली.